जर्मन पेटी

जगदीशने सगळं मोजलं होतं. दाराची रुंदी, जिन्याच्या वळणावरची जागा, हॉलच्या कोपऱ्यात तुळई कुठून जाते आणि तिच्याजवळ किती भार चालेल. तरीही शनिवारी दुपारी ब्लॉकच्या व्हॉइड डेकवर, म्हणजे तळाच्या मोकळ्या जागेत, ट्रॉलीवर उभ्या असलेल्या त्या हिरव्या लोखंडी धुडाकडे पाहताना त्याने जिन्याचं माप मनात पुन्हा एकदा ताडून पाहिलं.

"दोनशे चाळीस किलो," नरेशने धुडाच्या दारामागचं लेबल वाचलं. शहराच्या पश्चिम टोकाच्या चोआ चू कांगहून तो सकाळीच आला होता, मदतीला आणि टोमणे मारायला. "दादा, आईला इथे ठेवून घ्यायचंय, की हिच्या आत ठेवायचंय?"

"हातमोजे घाल आणि गप्प बस."

"घातलेत. गप्प बसणं जमणार नाही."

जगदीशने ट्रॉलीचा पट्टा आवळला. नरेशच्या पाठीवरच्या बॅगेत आईचं उद्या संध्याकाळचं मुंबईचं तिकीट होतं. ते नरेशनेच काढलं होतं. आईनेच सांगितलं म्हणून काढलं, हे खरं होतं. पण मोठ्या भावाला न विचारता काढलं, हेही खरं होतं. आणि आजची सगळी धडपड त्या तिकिटाविरुद्ध होती.

तीन आठवड्यांपूर्वी, रविवारची वंदना झाल्यावर, जगदीशने आईला शेवटचं विचारलं होतं. "खडकीला एकटी राहून काय करणार आहेस? इथे राहा. तुला काय हवंय ते तरी सांग."

शांताबाई सुपारी कातरत बसल्या होत्या. अडकित्ता थांबला.

"पेटी आणून देशील?"

"पेटी?"

"चांगली भारी. हलकीसलकी नको. जर्मन मिळाली तर बघ, पण आता कुठली मिळायला!" मग पदराशी चाळा करत त्या हळूच म्हणाल्या, "पेटी आली तर राहीन मी."

जगदीशला लगेच उमजलं. बाबा गेल्यावर खडकीचं घर फुटलं होतं. चोरांनी आईच्या पाटल्या नेल्या, कपाटाची दारं वाकवून ठेवली. तेव्हापासून आई कुठेही गेली तरी पिशवी मांडीवर घेऊन बसायची. म्हाताऱ्या बाईला कुलपाचा आधार हवा होता, एवढंच. आणि योगायोग असा, की आंग मो किओच्या कारखान्यात त्याच्या शेजारी बसणारा डीटर कायमचा जर्मनीला परत चालला होता. डीटर शिकारी. इथे येताना त्याने बंदुका ठेवायची तिजोरी जहाजाने आणली आणि आल्यावर त्याला कळलं, की या देशात बंदूक घरी ठेवायची परवानगीच मिळत नाही. मग तीन वर्षं त्याने तिच्यात गोल्फच्या काठ्या ठेवल्या.

"आई, मिळाली!" जगदीशने सोमवारी दारातूनच सांगितलं होतं. "अगदी भारी. आणि जर्मन!"

शांताबाईंनी तोंडावर पदर धरला होता. "खरं सांगतोस?"

"फक्त, थोडी वापरलेली आहे."

"वापरलेलीच बरी रे. हात बसलेला असतो."

आईला या वयातही कुलूप-किल्लीची इतकी जाण आहे, याचं जगदीशला कौतुक वाटलं होतं.

"बॉस," मूव्हर्सचा मुकादम ह्वात लिफ्टचं दार पायाने अडवून म्हणाला, "इनसाइड गॉट गन ऑर नॉट?"

"नो गन. फॉर माय मदर."

ह्वातने तिजोरीकडे पाहिलं, मग जगदीशकडे. "युअर मदर व्हेरी फियर्स, आह?"

नरेश इतका हसला की त्याला खांबाला टेकावं लागलं.

या जुन्या ब्लॉकची लिफ्ट तळाशी, पाचव्या आणि नवव्या मजल्यावरच थांबायची. चौथ्यावर राहणाऱ्यांनी पाचव्यावर उतरायचं आणि एक जिना खाली यायचं. लिफ्ट सगळीकडे थांबावी म्हणून रहिवाशांचं मतदान होणार, अशी नोटीस वर्षभर आत चिकटवलेली होती. लिफ्टचं दार मिटताना जगदीशने ती पुन्हा एकदा वाचली.

*

चौथ्या मजल्यावर शांताबाईंनी नखं कापून घेतली होती. निळ्या काठाची पांढरी साडी नेसली होती, जी त्या वंदनेलाच नेसत. हॉलमध्ये खिडकीजवळ, बाबासाहेबांच्या फोटोखाली, त्यांनी सतरंजी अंथरली. मग ती उचलून जरा आत घेतली, ऊन लागायला नको म्हणून. सुपारी कातरायला घेतली आणि ठेवून दिली. पुन्हा घेतली.

चार महिने त्या या घरात होत्या. चार महिने हातांना काम नव्हतं. भांडी यंत्र घासायचं, कपडे यंत्र धुवायचं, पोळ्या सेरंगून रोडच्या देशी दुकानांतून विकत यायच्या. नात एकताच्या खोलीत अर्धा पलंग मिळाला होता आणि नात परीक्षेचा अभ्यास करत असली की तिथेही अडकित्त्याचा आवाज करायची सोय नव्हती.

पेटीचं त्यांनी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. लपवायचं होतं असं नाही. सांगायची वेळच आली नाही. साताऱ्याकडच्या गावांतून वडिलांचा जलसा फिरायचा. एकदा पेटीमास्तर तापाने पडला आणि तेरा वर्षांच्या शांताला पेटीवर बसवलं. त्यानंतर तिला कुणी उठवलं नाही. त्या पेटीचे सूर जर्मन होते. वडील गावागावांत अभिमानाने सांगायचे, जर्मन सूर आहेत, शंभर वर्षं उतरायचे नाहीत. पुढे लग्न झालं. खडकीच्या एका खोलीत नवरा, सासू, दीर, मग मुलं. नवरा दारूगोळ्याच्या कारखान्यात. माणूस सालस. त्याने वाजवू नको असं कधीच म्हटलं नाही. पण एकाची पहिली पाळी, दुसऱ्याची रात्रपाळी. दिवसाचा असा तासच नसायचा की घरात कुणी झोपलेलं नाही. पेटी भावाकडे राहिली. भाता उंदरांनी खाल्ला.

सून रुपाली चहा घेऊन आली. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत ती शनिवारीही जायची. आज खास थांबली होती.

"आई, इथे कशाला सतरंजी? ती कोपऱ्यात ठेवणारेत. यांनी खुणा केल्यात."

"कोपऱ्यात वारा नाही गं." शांताबाईंनी बशीत चहा ओतला. "मला एक सांग, तू शिकलेली आहेस. इथली हवा दमट. भात्याला काही होत नाही ना? चामडं फार लवकर सादळतं."

"भाता?"

"पेटीचा."

रुपालीने कप खाली ठेवला. तिला गेल्या महिन्यातली पौर्णिमा आठवली. ओळखीच्या सुलेखाताईंच्या घरी बुद्धवंदनेनंतर गाणी झाली, तेव्हा सगळ्यांचं लक्ष गाणाऱ्यांकडे होतं आणि सासूबाई एकटक पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात बघत होत्या. परतताना एमआरटीच्या गाडीत त्या स्वतःशीच म्हणाल्या होत्या, भाता किती घाईने मारतो. रुपालीला ते कळलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं.

भारी. जर्मन. वापरलेली. हात बसलेला.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही पेटी वाजवता?"

शांताबाईंनी मान खाली घातली, नव्या नवरीसारखी. "यायची गं तेव्हा. बघू आता बोटं वळतात का."

*

रुपाली कॉरिडॉरमध्ये आली तेव्हा तिजोरी पाचव्या मजल्याच्या जिन्यावरून खाली यायला लागली होती. खालच्या बाजूला ह्वात आणि त्याचा एक माणूस, वर पट्टे धरून दोघे, आणि मधे, जिथे कुणी असायला नको होतं तिथे, जगदीश. त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती.

"स्लोली, स्लोली. नरेश, तू मागे हो."

"तू मागे हो, दादा! तुझा पाय बघ कुठे आहे."

रुपालीला हाक मारायची होती. थांबा म्हणायचं होतं. पण अर्ध्या जिन्यात माणसं थांबवून काय सांगणार? परत वर न्या, एका शब्दाची चूक झाली?

आणि त्याखाली दुसरं काही होतं, जे तिला बघायचं नव्हतं. तिला सासूबाई जायला हव्या होत्या. वाईट नव्हत्या त्या, उलट फार जपून राहायच्या, आणि तेच कठीण होतं. एकताची परीक्षा, अर्धा पलंग, दिवसभर कट्-कट् सुपारी; आणि आपल्याच स्वयंपाकघरात पाहुण्यासारखी बसलेली एक म्हातारी बाई. ही तिजोरी आली तर दिलेल्या शब्दाखातर त्या राहतील. खरं काय ते सांगितलं, तर शब्दातून सुटतील आणि उद्या जातील. म्हणजे खरं बोलण्यात तिचा फायदा होता. त्यामुळेच तिला ते बोलायची लाज वाटत होती.

तेवढ्यात वळणावर पट्टा सुटला. तिजोरी एक पायरी खाली आदळली. आवाज सगळ्या ब्लॉकभर गेला. भिंतीचा टवका उडाला. नरेशने भावाची कॉलर धरून त्याला वर खेचलं आणि दोघेही पायरीवर बसले. जगदीशची चप्पल तिजोरीखाली अडकली होती. पाय बाहेर होता.

मग समोरच्या आंटींनी दार किलकिलं करून विचारलं, "एव्हरिबडी ओके?"

"ओके, आंटी," जगदीश म्हणाला. त्याने अडकलेल्या चपलेकडे पाहिलं. "ओके."

नरेशने कॉलर सोडली नव्हती. "दादा, एवढं कशासाठी? तिला जायचंय. ती मला फोनवर म्हणाली, हात रिकामे वाटतात. तुला कळत नाही का?"

"तिने पेटी मागितली," जगदीश म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा तिने माझ्याकडे काही मागितलं, नरेश. तुला बोलवून तिकीट मागितलं. मला पेटी मागितली."

रुपाली दारात उभी राहून ऐकत होती. तिने काही सांगितलं नाही.

*

तिजोरी कोपऱ्यात, जगदीशने खडूने केलेल्या खुणांवर बरोबर बसली. ह्वात आणि त्याची माणसं पाणी पिऊन गेली. जाताना ह्वातने शांताबाईंना हात जोडले आणि दोन पावलं मागे सरकला, तिजोरी त्यांची आहे हे त्याला कळलं म्हणून.

जगदीशने जुळ्या किल्ल्या आईच्या हातात ठेवल्या. "घे. दोन्ही तुझ्याकडेच. भारी आहे की नाही? जर्मन आहे. उघड."

शांताबाई त्या हिरव्या लोखंडाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी खिडकीजवळच्या सतरंजीकडे पाहिलं. मग मुलाच्या एका अनवाणी पायाकडे.

"ही," त्या म्हणाल्या, "पेटी?"

"मग!"

त्यांनी किल्ली फिरवली. दार जड, पण तेल घातलेलं. आवाज न करता उघडलं. आत करडं मऊ अस्तर, आणि एका बाजूला वरपासून ओळीने खाचा.

"या खाचा कसल्या?"

"बंदुकीच्या नळ्या टेकवायच्या."

"अस्सं." शांताबाईंनी एका खाचेतून बोट फिरवलं. "छान आहे. फार छान आहे, जगदीश."

"मग राहणार ना? तू म्हणाली होतीस."

एकता खोलीच्या दारात येऊन उभी होती, कानातला एक हेडफोन काढून. नरेशने बॅग खांद्यावरून उतरवली, पण हातातच ठेवली.

"म्हणाले होते," शांताबाई म्हणाल्या. "राहीन."

इतक्या शांतपणे म्हणाल्या की रुपालीला ते सहन झालं नाही.

"अहो, पेटी," ती जगदीशला म्हणाली. "वाजवायची पेटी. आईंनी हार्मोनियम मागितली होती."

जगदीश हसला. मग त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. "काहीतरीच. आईला कुठे येतं?"

"त्यांना विचारा."

"रुपाली, राहू दे," शांताबाई म्हणाल्या. "पोराचा पाय वाचला, तेवढं पुष्कळ."

"नाही, आई. तुम्ही लोखंडासाठी का राहायचं?" रुपालीचा आवाज चढला. सासूसमोर तिचा आवाज असा कधी चढला नव्हता. "राहायचं तर मनासारखं राहा. जायचं तर जा. पण आम्हाला कळलं नाही म्हणून तुम्ही अडकून पडू नका."

"वेट, वेट," एकता म्हणाली. "आजी प्लेज हार्मोनियम? अँड पप्पा बॉट अ गन सेफ?" तिने वडिलांकडे पाहिलं, तिजोरीकडे पाहिलं. "पप्पा, सीरियसली, लाह!"

पहिल्यांदा शांताबाईच हसल्या. आधी पदराआड, मग पदर सोडून. सतरंजीवर मटकन बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. नरेश हसायला लागला, एकता हसत होतीच. जगदीश तेवढा उभा होता, खडूच्या खुणांपाशी, घाम सुकत चाललेला.

"तू भारी म्हणालीस," तो म्हणाला.

"उंची म्हणाले रे! वजन कुणी मागितलं?"

"जर्मन म्हणालीस."

"सूर जर्मन! आजोबांच्या पेटीचे होते तसे."

"आणि हात बसलेला?"

एकताला पुन्हा हसू फुटलं.

जगदीश खाली बसला, आईच्या समोर. "सांगितलं का नाहीस कधी? तुला येतं म्हणून?"

"तुम्ही झोपलेले असायचात," शांताबाई म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात. तिजोरीचं उघडं दार सतरंजीवरून हाताशी येत होतं. त्यावर त्यांनी उजवा हात ठेवला आणि बोटं चालवायला लागल्या, पट्ट्या असाव्यात तशी. पत्र्यावर हलके ठोके पडू लागले: दोन जवळजवळ, एक लांब, मग खाली उतरणारे तीन.

नरेशचं हसणं थांबलं.

"हे," तो म्हणाला, "हे तू माझ्या पाठीवर करायचीस."

बोटं थांबली नाहीत.

"दादा, आठवतं? झोपवताना. मला वाटायचं, थोपटतेय."

"थोपटतच होते," शांताबाई म्हणाल्या. "जलशातलं शेवटचं गाणं आहे ते. तुला तिसऱ्या कडव्याला झोप लागायची. जगदीशला कधी लागलीच नाही. तो पाढे म्हणायचा."

नरेशने बॅगेतून तिकीट काढलं. "बदलून घेतो मी, आई. सेरंगून रोडला पेटी मिळते. आत्ता जाऊन आणू."

"हो, आत्ता जाऊ," जगदीश उठलाच. दोघे भाऊ चार महिन्यांत पहिल्यांदा एका बाजूला आले होते. "टॅक्सी बोलाव, एकता."

"बसा दोघं," शांताबाई म्हणाल्या. "तुम्ही आणाल, आणि ती पुन्हा अडीचशे किलोची निघेल."

त्यांनी तिकीट नरेशच्या हातातून घेतलं, उलटसुलट पाहिलं.

"मी उद्या जाते. खडकीला चार दिवस झोपते. मग बुधवार पेठेत, वाद्यांच्या दुकानांत जाऊन एकेक पेटी स्वतः वाजवून बघते. पेटी अशी माणसं पाठवून आणत नाहीत. आणि मिळाली की घेऊन येते."

"नक्की?" हे रुपालीने विचारलं. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे कान तापले.

शांताबाईही तिच्याकडे पाहत राहिल्या, जरा वेळ. या मुलीला काय काय वाटत होतं ते त्यांना चार महिने दिसत होतं. ते दिसूनही ती आत्ता जे बोलली तेही त्यांनी ऐकलं होतं.

"अडकित्ता दे गं तिथला," त्या म्हणाल्या.

रुपालीने खिडकीतला पितळी अडकित्ता उचलून दिला. शांताबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. बंदुकीच्या एका खाचेत त्यांनी अडकित्ता अडकवला. दोन पाती उघडी, मुठी खाली. त्या प्रचंड तिजोरीत तेवढं एकच हत्यार लटकत राहिलं. मग दार लोटून त्यांनी कुलूप लावलं आणि दोन्ही किल्ल्या पदराच्या गाठीत बांधल्या.

"अडकित्त्याशिवाय मी किती दिवस काढते, ते तुम्हाला माहीत आहे."

"एक किल्ली तरी ठेव इथे," जगदीश म्हणाला. "लागली तर."

"कशाला लागतेय? तुम्हाला सुपारी कातरता येत नाही."

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शांताबाईंना विमानतळावर सोडून सगळे परतले. नरेश चोआ चू कांगला न जाता त्यांच्याबरोबरच आला. पाचव्या मजल्यावर उतरून एक जिना खाली येताना प्रत्येकाने वळणावरचा भिंतीचा टवका पाहिला. हॉलमध्ये तिजोरी होती तिथे होती. जगदीशने जाताजाता सवयीने मूठ ओढून पाहिली. कुलूप पक्कं होतं.

एकताला कितीतरी दिवसांनी अख्खा पलंग मिळाला होता. तरी ती पुस्तकं घेऊन हॉलमध्ये आली आणि खिडकीजवळच्या सतरंजीवर ती सगळी पसरली.

रुपाली स्वयंपाकघरातून म्हणाली, "उचल ती पुस्तकं. तिथे पेटी येणार आहे."

एकताने कोपऱ्यातल्या हिरव्या लोखंडाकडे एक नजर टाकली.

"विच पेटी?"

"वाजणारी," रुपाली म्हणाली.